तेहेतीसच्या वेगाचं दुःख

गंभीररावांनी ठरवलं ते एवढंच, की तबकडी डॉक्टरांकडे न्यायची नाही, डॉक्टरांनाच घरी बोलवायचं. हे ठरवायला त्यांना जेमतेम एक कप चहा लागला. निस्तरायला मात्र उरलेला जन्म लागेल, असं त्यांचं आजचं मत आहे.

गंभीरराव हे नाव त्यांना पाणीपुरवठ्याच्या ऑफिसने दिलं. नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने भांडायला आलेली माणसं त्यांचा चेहरा बघत आणि उलट त्यांचीच समजूत घालून परत जात. (साहेबांनी त्यांना मुद्दाम तक्रारीच्या खिडकीवर बसवलं होतं.) असा माणूस जॅझच्या नादी कसा लागला हे कुणालाच कळलं नाही. पण लागला तो असा, की घरातल्या चादरी कपाटातून बाहेर पडल्या आणि माळ्यावरच्या सुटकेसमध्ये राहायला गेल्या. त्यांच्या जागी तबकड्या आल्या.

त्या सगळ्या तबकड्यांची राणी म्हणजे ‘ती’. जुन्या बाजारात झाकण हरवलेल्या मिक्सरच्या ढिगामागे ती त्यांना सापडली. कव्हरवर धुक्यातली नदी, काठावर पाठमोरा एक माणूस, हातात सॅक्सोफोन. पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस. खाली परक्या भाषेत दोन शब्द. ते एखाद्या बाईचं नाव असणार, आणि ती बाई आता या जगात नसणार, हे गंभीररावांनी बाजारातच ओळखलं. घरी येऊन त्यांनी सुई टेकवली. सॅक्सोफोन असा हुंदके देत निघाला, की गंभीररावांना चष्मा काढून पुसावा लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याला शोभेल असं संगीत त्यांना मिळालं होतं.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ती तबकडी लागे. त्या वेळात कुकरची शिट्टी होता कामा नये, नळ गळता कामा नये. प्लेयरला कुणी हात लावायचा नाही हा तर घरातला कायदाच. दुकानदाराने सांगितलं होतं, “मोठी तबकडी म्हणजे तेहेतीसचा वेग, डोळे मिटून.” गंभीररावांनी डोळे मिटून वेगाचा खटका तेहेतीसवर ठेवला आणि वर चिकटपट्टी लावून टाकली.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जॅझ ऐकणाऱ्यांची महिन्यातून एकदा बैठक भरे. पेशंट जिथे गाल धरून बसतात त्याच खोलीत. सोफ्यावर मधोमध डॉक्टर, एका कडेला शाळेतल्या गाण्याच्या बाई. दुसऱ्या कडेला एक इंजिनिअर बसत, ते नुकतेच बदली होऊन गेले होते. गंभीरराव दाराजवळच्या स्टुलावर. त्या स्टुलाचा एक पाय तोकडा होता. सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जाई, त्यामुळे जॅझबद्दल तोंड उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण इंजिनिअर गेल्यापासून ती सोफ्यावरची रिकामी जागा त्यांच्या स्वप्नात येऊ लागली.

आणि एकदा डॉक्टरच म्हणाले, “गंभीरराव, पुढच्या वेळी तुम्ही एक तबकडी ऐकवा. तिच्याबद्दल बोलाही थोडं. मग बघू, सोफ्यावर जागा करू तुम्हाला.”

“तबकडी मी बाहेर काढत नाही,” गंभीरराव म्हणाले. “तुम्हीच माझ्याकडे या.”

इथेच सगळा घात झाला.

रविवार उजाडला तसं बायकोने घर आवरायला घेतलं. गंभीरराव आरशासमोर भाषण पाठ करत होते.

“अहो, किती वेळ चालेल तुमचं ते?”

“दुःखाला वेळ नसतो.”

“चहाला असतो. दोनदा उकळलेला चहा मी पाहुण्यांना देणार नाही.”

संध्याकाळी डॉक्टर आणि गाण्याच्या बाई आले. खुर्च्यांवर बसले. गंभीररावांनी मऊ ब्रशने तबकडी पुसली, प्लेयरवर ठेवली आणि बोलायला उभे राहिले. आवाज चांगला लागला.

“हा कलावंत नदीकाठी राहत होता. बायको गेल्यावर त्याने माणसांशी बोलणं सोडलं. (हे सगळं त्यांनी कव्हरवरच्या पाठीवरून ताडलं होतं.) ही तबकडी म्हणजे त्याने तिला मारलेली शेवटची हाक. त्यानंतर तोही गेला. लेबलवर बारीक अक्षरात त्याचं वय दिलंय. पंचेचाळीस. फक्त पंचेचाळीस!”

गाण्याच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी मान खाली घातली. गंभीररावांना सोफा दिसू लागला, त्याची मऊ गादीसुद्धा जाणवू लागली. त्यांनी डोळे मिटून सुई टेकवली.

आणि सॅक्सोफोन उड्या मारत सुटला.

शाळा सुटल्यावर पोरं जिन्यावरून धावत उतरतात, तसे सूर एकमेकांच्या अंगावर पडत होते. मागे ड्रमवाला मजेत टपटप करत होता. त्यात मधेच कुणीतरी खिदळल्यासारखं झालं. गंभीररावांनी डोळे उघडले. गाण्याच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पायाने मात्र ठेका धरला होता. बाईंना त्या पायाचं काय करावं ते कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून धापा टाकत आल्या होत्या.

“काय गं, चांगली बातमी ना? मला बाई इतका आनंद झाला!”

“कसली बातमी, आजी?” बायको गोंधळली.

“अगं, दर रविवारी वाटायचं, या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. विचारावं तरी कसं? आज वाजंत्री ऐकली आणि म्हटलं, उठलं एकदाचं माणूस!”

गंभीरराव प्लेयरकडे धावले. चिकटपट्टी गायब! खटका पंचेचाळीसवर!

“कुणी हात लावला?”

“मी,” बायको शांतपणे म्हणाली. “धूळ किती होती त्याच्यावर. पट्टी निघाली हातात. खाली बघते तर दोन आकडे. म्हटलं पंख्यासारखं असेल, आकडा मोठा म्हणजे जोरात फिरणार. जोरात फिरलं की लवकर संपेल. माणसं सुट्टीच्या दिवशी आली आहेत बिचारी.”

“अगं, खून केलास तू त्याचा!”

गंभीररावांनी खटका मागे ओढला. सॅक्सोफोन एकदम धापकन खाली बसला आणि ओळखीचं रडू लागला. “हे! हे खरं!” ते ओरडले.

डॉक्टर उठले. खिशातून दात तपासायचं भिंग काढून त्यांनी लेबल बघितलं, मग कव्हर बघितलं. शिक्षणासाठी ते काही वर्षं परदेशात होते, ती भाषा त्यांना येत होती. कीड किती खोल गेलीय हे पेशंटला सांगताना ते जो आवाज काढतात, तोच त्यांनी काढला.

“गंभीरराव, पंचेचाळीस हे वय नाही. वेग आहे. मोठ्या तबकड्यासुद्धा कधी कधी त्या वेगाच्या असतात.”

“आणि... आणि तिचं नाव?”

“कुणाचं?”

“बायकोचं. खाली लिहिलंय ना.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “‘बदकांची शर्यत’ असं लिहिलंय.”

त्यांनी भिंग गंभीररावांच्या हातात दिलं. पाण्यावरच्या पांढऱ्या फेसाला चोची होत्या. प्रत्येक फेसाला.

आजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मग कुणीच आजारी नव्हतं?”

“नव्हतं,” बायको म्हणाली आणि तिने चहा आणला. अगदी वेळेवर, एकदाच उकळलेला.

त्या रात्री गंभीरराव जेवले नाहीत. इतके रविवार, इतके रुमाल, आणि सगळे बदकांवर खर्च! आपण रडलो ते तरी खरं होतं का, असा प्रश्न त्यांना पडला. बायकोला विचारायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, “अहो, होतं असं,” आणि नेमकं याच वाक्याने त्यांना आणखी वाईट वाटलं, कारण असं दुसऱ्या कुणाचंही झालेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

पुढच्या बैठकीला जायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. पण डॉक्टरांचा फोन आला. बायकोसाठी.

“वहिनी, तुम्हीही या. चूक आम्हा कुणाला कळली नसती. तुमच्यामुळे कळली. आणि येताना तीच तबकडी आणा.”

बैठकीत डॉक्टरांनी सोफ्यावर सरकून जागा केली. गंभीरराव पुढे झाले. “वहिनी, बसा,” डॉक्टर म्हणाले. गंभीरराव मागे झाले आणि आपल्या स्टुलावर जाऊन टेकले.

“बोला वहिनी, काय ऐकायचं यात?”

“मला कुठलं काय कळतंय,” बायको लाजत म्हणाली. “पण घरी मी आपली आतून ऐकायची, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. ते हळू लावलेलं असायचं, तेव्हा मलाही भरून यायचं. वेग चुकलेला असेल. तरी तुम्ही एकदा हळूच लावा.”

डॉक्टरांनी खटका तेहेतीसवर ठेवला. सॅक्सोफोन हुंदके देत निघाला. गाण्याच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी पाय मुकाट्याने जागेवर राहिला. डॉक्टर खिशात रुमाल चाचपू लागले. बायकोच्या गालावरून एक थेंब ओघळला.

डोळे कोरडे राहिले ते एकट्या गंभीररावांचे. त्यांनी खूप प्रयत्न केला. आईला आठवलं, ऑफिसातल्या अडलेल्या बढतीला आठवलं. पण प्रत्येक हुंदक्याबरोबर एक बदक डुलत डुलत पुढे निघून जाई, आणि त्यामागून दुसरं.

तबकडी संपली. डॉक्टरांनी नाक पुसलं आणि दाराकडे बघितलं. स्टुलावर गंभीरराव सुक्या डोळ्यांनी तोल सांभाळत बसले होते.

“असू द्या, गंभीरराव,” डॉक्टर मायेने म्हणाले. “सगळ्यांनाच लगेच भिडत नाही. वहिनींबरोबर येत राहा. होईल कान तयार.”