गायकानं गायचं की आपण?

ग्रंथपालबाईंचं पित्त पहिल्याच गाण्याला खवळलं. तीस वर्षं ज्याच्या कॅसेटी झिजवल्या, तो रॉक गायक शेवटी त्यांच्या गावात आला होता. भर दुपारी, फुटबॉलच्या मैदानावर. बाईंनी रजा टाकली, जनावरांचे डॉक्टर असलेल्या नवऱ्याला दवाखाना बंद ठेवायला लावला आणि दोघं चौथ्या रांगेत येऊन बसले.

गायक आला. उडी मारली, केस झटकले, दीड ओळ गायला आणि माईक प्रेक्षकांकडे धरला. सारं मैदान गायला लागलं. शेजारचा घामाघूम गृहस्थ तर थेट बाईंच्या कानात गात होता.

"अहो, जरा हळू!"

"त्यानंच गायला सांगितलंय की!" तो म्हणाला आणि आणखी वर चढला.

दुसऱ्या गाण्याला तेच. तिसऱ्यालाही तेच. बाई धुमसत होत्या.

"हा काय नुसता माईक धरायला आलाय?"

"अगं, तशी पद्धत असते," नवरा म्हणाला.

"कसली पद्धत? उद्या मी वाचकांना सांगते, पुस्तकं तुम्हीच लिहून आणा!"

मग बाईंचं लाडकं गाणं सुरू झालं. जुनं, फारसं न गाजलेलं, आगगाडीवरचं. बाईंचे डोळे भरून आले. गायकानं एक ओळ म्हटली आणि सवयीनं माईक पुढे केला. पण शब्द कुणालाच येईनात. वादकही थबकले. मैदान चिडीचूप.

बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या.

"तुम्ही गा की! आम्हीच गायचं होतं तर घरी न्हाणीघर होतं!"

आवाज पार मागच्या रांगेपर्यंत पोचला. मोठ्या पडद्यावर बाईंचा लालबुंद चेहरा झळकला आणि दोन सुरक्षारक्षक धावत आले.

"हात लावू नका, माझी मी जाते!" बाई पर्स काखेत मारून म्हणाल्या. पण गायकानं खूण केली आणि त्यांनी बाईंना फाटकाकडे न नेता सरळ स्टेजवर चढवलं.

जवळून गायक बराच बुटका निघाला. काजळ गालावर उतरलेलं, पोट आत ओढून धरलेलं.

"लाज वाटते का काही?" बाईंनी सुरुवात केली. त्यानं घाईनं माईकवर हात ठेवला.

"ताई, हळू. पायाशी छोट्या पडद्यावर मला शब्द दिसतात ना, तो बंद पडलाय. लोक गातात तेव्हा मला आठवतं. हे गाणं कुणालाच येईना."

"स्वतःचं गाणं विसरलात?"

"तुम्हाला येतं?"

येतं! बाईंना तो प्रश्नच अपमान वाटला. त्या त्याच्या खांद्याशी उभ्या राहिल्या आणि एकेक ओळ कानात सांगू लागल्या. तो गायला. पहिल्यांदाच पुरतं, गळा मोकळा सोडून गायला. 'गाडी सुटली तरी मी परत येणार आहे' ही शेवटची ओळ त्यानं अशी लांबवली, की सारं मैदान उभं राहिलं. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात मागून ड्रमवाला हातातल्या काठ्या नाचवत आला.

"बाई, हे गाणं मी लिहिलंय! 'परत येणार नाही' आहे ते! माणूस कायमचा सोडून चाललाय!"

बाईंनी पदर खोचला.

"मग 'नाही'वर एवढं बडवायला कुणी सांगितलं होतं? तीस वर्षांत एकदा तरी तो शब्द ऐकू आलाय का?"

ड्रमवाल्यानं गायकाकडे पाहिलं. गायकानं मान खाली घातली. "खरंय त्यांचं," तो म्हणाला.

परतताना बाईंचा राग गाडीच्या काचांवर आदळत होता. "सोडून जायचं गाणं! आणि मी ते तुम्हाला म्हणून दाखवायचे, लग्न ठरत होतं तेव्हा!"

"मला माहीत होतं," नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

"काय?"

"'नाही' आहे ते. माझ्याकडच्या कॅसेटच्या वेष्टनावर शब्द छापलेले होते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू म्हणाली होतीस, ज्याला या गाण्याचा अर्थ कळत नाही, त्याच्याशी मी लग्न करणार नाही." त्यानं गिअर बदलला. "मी म्हटलं, कळला."