पुंडलिकमामांची पाच मिनिटं

आमच्याकडे पुंडलिकमामांच्या आधी त्यांची खुर्ची येते. निळ्या नायलॉनच्या पट्ट्यांची, घडीची, लोखंडी. ती काखोटीला मारून हा पंचाहत्तरीचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो आणि इचोडा गावात आमच्या ओळीतल्या दारोदारी बसत जातो. बरं, बसायचं ते घरात नाही आणि अंगणातही नाही. बरोबर उंबरठ्यावर. खुर्चीचे दोन पाय बाहेर, दोन आत.

"मास्तर, पाचच मिंटं बसतो," म्हणतात. आणि खरंच पाच मिनिटांत घड्याळ बघून उठतात. खुर्ची खाट्कन मिटते आणि पुढच्या घरी उघडते. चहा घेत नाहीत. "चा घेतला का बाथरूमले जा लागते. कोनाच्या घरी तरास काऊन देऊ?" दार अडवून बसणं हा मात्र त्यांच्या लेखी त्रास नाही. शेजारच्या लक्ष्मीअम्मा त्यांना तेलुगूत 'तातय्या', म्हणजे आजोबा, म्हणतात आणि त्यांच्या पायांभोवतीनं झाडून घेतात.

एकदा समोरच्या घरी मुलगी पाहायला माणसं आली, तेव्हा उंबरठ्यात मामा. पाहुण्यांना वाटलं, हेच मुलीचे आजोबा. त्यांनी वाकून नमस्कार केला, तसे मामा तिथूनच मुलाची चौकशी करायला लागले. नोकरी, पगार, दारू. मुलीच्या बापाला जे विचारायला जड जात होतं ते सगळं विचारून मामा पाच मिनिटांत उठले. लग्न जमलं आणि मामांना आहेरात धोतरजोडी मिळाली.

मामा घरांना पास-नापास करतात. कोणी नवी फरशी, पीओपीचं छत दाखवलं की डोळे मिटून कान देतात आणि म्हणतात, "इथं काईच आयकू येत नाई. नापास." आणि माझं घर? "एक नंबर."

मला वाटायचं, म्हातारा टर उडवतोय. माझं घर ओळीच्या टोकाला, हैदराबाद-नागपूर रस्त्याला खेटून आहे. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजतात. मी आणि बायको प्रेमाचं बोलायचं तरी ओरडून बोलतो. दोन वर्षं मी गुडीहत्नूरकडे रस्त्यापासून आत, शांत जागी प्लॉट शोधत होतो. आणि हे गृहस्थ माझ्या दारात डोळे मिटून सांगणार, "ही लारी नागपूरकडून येऊन राह्यली. रिकामी हाय." मी चिडून बाहेर जाऊन पाहायचो. रिकामीच असायची. चाळीस वर्षं मामांचं कांदा-लसणाचं दुकान याच रस्त्यावर होतं आणि बिऱ्हाड दुकानाच्या मागे. रस्ता रुंद झाला त्यात दोन्ही गेलं.

मग मुलानं, संतोषनं, मागच्या गल्लीत घर बांधलं. एके दिवशी शाळेतून येताना त्यानं मला गाठलं.

"सर, एक इनंती हाय. बाबाले दारात बसू देऊ नका. त्याहिच्या ध्यानातच राहत नाई. काल दुपारी चार वाजता दात घासून आंघोळीचं पानी मांगून राह्यले. डॉक्टर म्हने, घरी आराम करू द्या. रोडवर गाड्या पाहता ना तुमी? उद्यापासून गेटले कुलूप लावतो."

खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. दार मोकळं होणार होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याच उंबरठ्यावरून संतोष मामांना हाताला धरून घेऊन गेला. खुर्ची तेवढी राहिली.

तीन दिवस ती आम्हाला आडवी येत होती. चौथ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळी अकराला ती परत द्यायला गेलो. संतोषनं कुलूप काढलं आणि कौतुकानं वडिलांची खोली दाखवली. "वास्तूवाल्याले इचारून नैऋत्येले बांधली, सर. थोरल्या मानसाची जागा हाय ते. गल्लीतला आवाज बी येत नाई." एसी, आतच संडास-बाथरूम, जाड काचेची खिडकी. खोली दाखवून तो बाजारातल्या आपल्या दुकानात गेला.

मामा ट्यूबलाइटखाली पलंगावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. जेवले का रातचे?"

 खिडकीचा पडदा सारला तर वीतभर अंतरावर शेजाऱ्याची बिनगिलाव्याची भिंत. मी खुर्ची उघडून बसलो. पाच मिनिटांत तीनदा घड्याळ पाहिलं. ना आवाज, ना उजेड बदलतो. मला तिथून पळावंसं वाटायला लागलं. 

"मामा, अकरा वाजलेत सकाळचे. संतोषला सांगत का नाही?"

"काय सांगू?" मामा आवाज उतरवून म्हणाले. "उनाळ्यात पोरगं सोता उभं राहून ह्या भिंतीले पानी मारे. बाबाले शांत झोप लागली पायजे म्हने. त्याले कसं सांगू, का मले इथं डोळा लागत नाई? दुकानात होतो तं लारीच्या आवाजानं येळ समजे. इथं रात का दिवस ते बी समजत नाई. मंग लोकायच्या दारात बसून पाह्यतो."

"मग पाचच मिनिटं का?"

"जास्त बसलो तं लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले घरी कोनी इचारत नाई. पोराचं नाव खराब होते, मास्तर. तुमाले माही शपथ, त्याले सांगू नका."

शपथ घातलेली. शेवटी मी संतोषच्या दुकानात जाऊन सरळ थाप मारली. म्हटलं, माकडांनी उच्छाद मांडलाय, बायको घाबरते, दारात माणूस लागतो. मामांना पाठव, मीच नेईन आणि आणून सोडीन, रस्त्यावर जाऊ देणार नाही. माझ्या बायकोला माकडं घाबरतात हे सगळ्या इचोड्याला माहीत आहे. संतोष म्हणाला, "तुमच्या कामाले येत असन तं येऊ द्या."

त्या रविवारी गुडीहत्नूरचा दलाल प्लॉट दाखवणार होता. रस्त्यापासून एक किलोमीटर आत, पाखराचाही आवाज नाही म्हणे. दीडला निघायचं होतं. एक वाजता मामांना घेऊन आलो. खुर्ची उंबरठ्यावर लागली. पाच मिनिटं झाली, मामा उठले नाहीत. मान छातीवर पडली आणि घोरणं सुरू झालं. बाहेर ट्रकमागून ट्रक, आत फळीवर भांडी, आणि मधे हा माणूस गाढ झोपलेला.

आमच्या घराला दार एकच. दलालाचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा मी कापला. बायकोनं खुणेनं विचारलं, उठवू का? मी नको म्हटलं. मग आम्ही दोघं आतच बसून राहिलो. बसल्या बसल्या तिनं शेंगा सोलल्या आणि मी वह्या तपासल्या.

पुष्कळ वेळानं मामा दचकून जागे झाले.

"लय येळ झाला का, मास्तर?"

"नाही मामा. आत्ताच तर बसलात. पाच मिनिटंही नाही झाली."

त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. रस्त्याकडे कान दिला.

"खोटं बोलता. नागपूरची बस गेली आताच. तीन वाजले." स्वारी हसली. मग मागे वळून मामा हळूच म्हणाले, "पन संतोषले सांगू नका हो, मी तुमच्या दारात झोपलो म्हनून. त्याले लय वाईट वाटन."