तांबड्या वायरींची मसलत आणि घाटातील नामुष्की

श्रीकुलस्वामिनीस दंडवत, गणरायास दंडवत, गावच्या वेशीवरील म्हसोबास दंडवत, आणि ज्या जावयाने या राज्याचा रथ भर घाटात बसविला त्यास दंडवत नाही, हे आरंभीच लिहून ठेवितो. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, अधिक श्रावण मास, ते समयी घडले ते असे.

जावईबापू रणधीरराव, आमची थोरली लेक शर्मिला हिचे यजमान. मनुष्य खोटा नव्हे, लेकीस फुलासारखे वागवितात, परंतु ज्यातले आपणास कळत नाही त्यात आधी बोलावे, आणि ज्यास कळते त्यास बोलू देऊ नये, आणि वर हसावे, ही त्यांची चाल. लग्नात मांडववाल्यास दोऱ्या बांधावयास शिकविल्या आणि मांडव निजला. तेव्हा नवे होते म्हणून आम्ही गिळले. आता बारा वर्षे जाहली, किती गिळावे?

तर ते समयी या राज्यास सुभ्याहून खलिता आला, जे आमची सून वृषाली हिने सहा वर्षे यादीत नाव ठेवून वाट पाहिली ती आरोग्यसेविकेची नेमणूक जाहली, शुद्ध दशमी शुक्रवारी सकाळी अकराचे आत जातीने हजर होऊन सही करावी, न केल्यास नाव खोडून पुढील इसमास बोलाविले जाईल. सून ते पत्र उशाशी घेऊन निजू लागली. चिरंजीव सरहद्दीवर चाकरीस, घरी आम्ही दोघी. आणि सुभा घाटापलीकडे, आणि राज्याचा रथ, म्हणजे वैकुंठवासी यजमानांनी घेतलेली पांढरी पेट्रोलची मोटार, ती तर चढ लागताच उचक्या देऊ लागलेली. मग आम्ही दस्तगीर मिस्त्रींस बोलावणे पाठविले. हे राज्याचे जुने मानकरी, यजमानांचे वेळेपासून मोटार त्यांचेच हाती. त्यांनी बॉनेट उघडून कान लावला, एकेक प्लग काढून आम्हास दाखविला, टोके झिजून गेलेली, आणि वायरी वाकविल्या तो त्यांस भेगा. म्हणाले, "वैनी, चार प्लग आणि चार वायरी बदला. करंट वाटंतच गळतोय, प्लगपर्यंत पोचंल कुठनं?" आणि कागदावर नंबर लिहून दिला.

इतक्यात धोंड्याचा महिना म्हणोन जावईबापूंची स्वारी लेकीसह अनारसे खावयास दाखल जाहली. पाय धुतले, ओवाळले, आणि पाटावरून उठता उठता त्यांनी तो कागद उचलिला आणि बोलिले, "मामी, हे मी आणतो. मिस्त्री लोक दुकानदाराला सामील असतात. मी मोबाईलवर सगळं बघितलंय." आम्ही हो म्हटले. येथेच चुकलो.

शहरास जाऊन त्यांनी प्लग आणिले ते सर्वांत महाग, ते असोत, मिस्त्रींनी आट्यांची लांबी ताडून पाहिली आणि चालतील म्हणाले. परंतु वायरींचा डबा दुकानात उघडला तो आत चार वायरी चार मापांच्या, एक वीतभर, एक हातभर, बाकीच्या दोन मधल्या. जावईबापूंचे पित्त खवळले. त्यांचे घरी चौघे भाऊ, वाटणीत ह्यांच्या वाट्यास ओढ्याकडचा चिंचोळा तुकडा आला, तेव्हापासून कोठे आखूड-लांब दिसले की त्यांस आपणच लुबाडले गेलो ऐसे वाटते. मग दुकानदाराशी भांडून डबा परत केला, आणि सर्वांत लांब मापाच्या चार वायरी, तांबड्या चकचकीत, करवून आणिल्या, आणि विजयी मुद्रेने अंगणात आले. म्हणाले, "चौघींना समान न्याय."

मिस्त्रींनी वायर पहिल्या प्लगापाशी धरून पाहिली. मग म्हणाले, "जावईबापू, पयला सिलिंडर जवळ, चौथा लांब. म्हणून वायरी कमीजास्त. ह्या जवळच्या तिघींना झोल पडणार, झोल सायलेन्सरच्या नळीवर टेकणार. नळी घाटात लालबुंद होती."

"बांधून टाकू की."

"कशाला बांधताय? आणि गरम झाल्यावर कुठं बांधलेलं राहतंय?"

"मिस्त्री, तुम्ही जुन्या जमान्यातले. ही रबरं आता जळत नाहीत."

"वैनी, तुमी तरी सांगा."

आणि सर्वांचे डोळे आमचेकडे लागले. सून दाराशी उभी, तिचे तोंड उतरले. आम्हास मिस्त्रींचे म्हणणे पटले होते, खोटे कशास लिहू. परंतु धोंड्याचा महिना, जावई म्हणजे साक्षात नारायण, लेक बाजूस उभी, आणि आम्ही बोलून गेलो, "मिस्त्री, या महिन्यात जावयाचं मन मोडत नाहीत. ते म्हणतात तसं करा." मिस्त्रींनी पाना खाली ठेविला, हात पुसले, आणि म्हणाले, "मग माझ्या हातानं नको," आणि चहा न घेता गेले. वीस वर्षांत हा मनुष्य आमच्या दारातून चहावाचून गेला नव्हता. मग जावईबापूंनी स्वहस्ते वायरी बसविल्या, सुतळीने बांधिल्या, आणि गावात एक फेरी मारून आले, आणि मोटार सुरळीत चालली, आणि त्यांची छाती दोन बोटे फुगली. रात्री सून हळूच म्हणाली, "आत्या, मी सकाळी सहाच्या एसटीनं जाऊ का?" आम्ही म्हटले, "ह्या घरची सून पहिल्या दिवशी एसटीत उभी राहून जायची नाही." हीही मिजास आमचीच, लिहून ठेवितो.

दशमीचे दिवशी साडेसातास कूच जाहले. सारथ्य जावईबापूंकडे, शेजारी आम्ही, मागे सून कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून. सखल वाटेस रथ उत्तम चालला. घाटाचे चौथे वळण आले, जळक्या रबराचा वास सुटला, सुतळी केव्हाच जळून गेली होती, मग मोटार एकदा हिसडली, दोनदा हिसडली, आणि धापा टाकीत उभी राहिली. बॉनेट उघडिले तो समान न्यायाच्या तीन तांबड्या वायरी सायलेन्सरच्या नळीस चिकटून वितळलेल्या. घड्याळात नऊ. जावईबापूंनी मोबाईल वर धरिला, रेंज नाही. म्हणाले, "मिस्त्रीनं दृष्ट लावली, मामी." त्या वाक्यास आम्ही आजही क्षमा केलेली नाही.

मग सून रस्त्याचे मध्यावर जाऊन उभी राहिली. ट्रक गेला, थांबला नाही. जीप गेली, भरलेली. सवा नवाचे सुमारास कोंबड्यांचा टेंपो आला आणि थांबला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पुढं जागा न्हाई, मागं पिंजऱ्यापाशी बसावं लागंल." सुनेने नव्या साडीचा पदर खोचला आणि ती चढली. आमचे राज्याची सून, पिसांत बसून सुभ्यास गेली, आणि आम्ही दगडावर बसून पाहिले. एसटी त्याआधी दोन तास येथूनच गेली असेल, हा विचार कितीदा आला त्याची मोजदाद नाही. ती पोचली की न पोचली, सहा वर्षे राहिली की गेली, काही कळावयास मार्ग नाही, आणि शेजारी जावईबापू घाटाच्या चढास दोष देत होते.

तेव्हा आम्ही आपल्या पिशवीतून कागद काढिला आणि जन्मात जे कोणास लिहिले नाही ते लिहिले: "मिस्त्री, चूक माझी. चौथ्या वळणावर आहे. या." उतरणाऱ्या दूधवाल्याजवळ चिठ्ठी दिली. अकरा वाजून गेले, आणि मिस्त्री आपल्या मोटारसायकलीवरून भिजत आले, आणि एक शब्द टाकून बोलिले नाहीत. खिशातून डबा काढिला, आत चार वायरी चार मापांच्या, एकेक आपापल्या जागी बसविली, कोठे झोल नाही, कोठे ताण नाही, आणि किल्ली फिरविताच मोटार बोलू लागली. खिंडीपर्यंत मिस्त्री मागोमाग आले, चढावर नीट ओढते की नाही पाहावयास. खिंडीत रेंज आली आणि फोन वाजला. सून रडत होती. म्हणाली, "आत्या, सही झाली. अकराला दोन मिनिटं कमी होती. साहेबांनी केसातलं पीस काढून दिलं."

आणि जावईबापू हसून बोलिले, "बघा मामी, पोचलीच की. उगाच तुम्ही जिवाला लावून घेतलं."

येणेप्रमाणे मसलत जाहली. नेमणूक राहिली ती सुनेच्या हिमतीने आणि कोंबडीवाल्याच्या भलेपणाने, रथ उठला तो मिस्त्रींच्या हाताने, आणि बसला तो जावयाच्या अकलेने व आमच्या भिडेने. मग आम्ही खाली उतरलो, आणि मिस्त्रींच्या देखत जे बोलिलो ते शब्दास शब्द येणेप्रमाणे:

"जावईबापू, उतरा. ही मिस्त्रींची मोटारसायकल घ्या आणि घरी जा. ताट वाढलेलं आहे, अनारसे डब्यात आहेत, शर्मिलाला सांगा आईनं तुमचा मान राखलाय. मी पुढं सुनेला आणायला जाते, आणि गाडी मिस्त्री चालवतील. आणि वाटेत मोटारसायकल बंद पडली, तर ढकलत न्या. प्लगला हात लावायचा नाही."