सव्वीस इंचांचा ठराव

सार्वजनिक संस्थेला एखादी वस्तू घ्यायची असेल, तर ती वापरणाऱ्या माणसाचं मत शक्यतो विचारू नये. त्याचा त्यात स्वार्थ असतो. ज्यांना त्या वस्तूशी जन्मात काही कर्तव्य नाही, त्यांचंच मत निःपक्षपाती.

नाशिकच्या दूरपल्ला नेमबाजी मंडळाने हे तत्त्व प्राणपणाने जपलं आहे. मंडळाचे पदाधिकारी अकरा. त्यांपैकी बंदूक चालवलेले शून्य. (एकाने जत्रेत फुगे फोडले होते, पण तो त्याचं भांडवल करत नाही.) प्रत्यक्ष नेमबाजी करणारी सभासद एकच, इगतपुरीची वैष्णवी. सहा वर्षं उसन्या रायफलीवर सराव करून ती राज्य स्पर्धेपर्यंत पोचली होती. मंडळाला स्वतःची लांब पल्ल्याची रायफल मंजूर झाली, तेव्हा तिने लगेच आईला फोन करून आनंदाची बातमी दिली. संस्थांचा अनुभव नसला की माणूस अशी घाई करतो.

मागणीपत्रात एकच रकाना भरायचा होता: नळीची लांबी. पर्याय चार. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस आणि तीस इंच. वैष्णवी म्हणाली, सव्वीस. स्पर्धा दहा आठवड्यांवर होती आणि रायफल यायला सात लागणार होते. म्हणजे निर्णयाला तीन आठवडे उरले. मंडळाने ते सत्कारणी लावले.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष गोरक्षआबांनी (दिंडोरीला बारा एकर द्राक्षबाग, नाशकात सात संस्था) थेट मुद्द्याला हात घातला.

"मालेगाववाल्यांनी केवढी घेतली?"

"अठ्ठावीस, आबा."

"मंग आपली तीस. इषय संपला."

"पण आबा, सव्वीस घ्यायचं कारण असं की..."

तेवढ्यात चहा आला. इतिवृत्तात नोंद झाली: 'कु. वैष्णवी यांनी सविस्तर विवेचन केले. चहापान झाले.'

दुसऱ्या बैठकीला चिटणीस धनराज सर टेप घेऊनच आले. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे त्यांचा दृष्टिकोन शास्त्रीय. रायफलीचा मुख्य उपयोग काय, तर उद्घाटनाचा फोटो. फोटोत प्रत्येक पदाधिकाऱ्याचा एक हात रायफलीवर हवा. सरासरी हात साडेतीन इंच रुंद, आबांचा अंगठ्यांसह पाच. एकूण चाळीस इंच. लाकडी दस्त्यावर हात ठेवणं पदाला शोभत नाही, म्हणून सगळे हात नळीवरच. तीस इंचांत आठ जण बसतात, सव्वीस इंचांत सात.

"म्हणजे वैष्णवी," सर मायेने म्हणाले, "तुला एक माणूस फोटोतून काढायचाय. कोणाला काढायचं, तेवढं सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि जो तो आपला हात पाठीमागे लपवत होता. शेवटी तीस इंच गृहीत धरून बाहेर राहणारे तीन जण ठरवण्यासाठी उपसमिती नेमली गेली. उपसमितीत यायला कोणीच तयार होईना, त्यात आणखी दोन आठवडे गेले.

मुदतीला दोन दिवस राहिले, तेव्हा वैष्णवीला खरंच रडू आलं. सहा वर्षांची मेहनत, आणि सगळं अडलं होतं चार इंचांवर. मग डोळे पुसून ती पंचवटीत गणपतीची सजावट करणाऱ्या रोहितकडे गेली. तिसऱ्या बैठकीत ती काहीही विवेचन न करता म्हणाली, "आबा, फोटोसाठी वेगळी रायफल करू. प्लायवूडची. बहात्तर इंची."

सरांनी कागदावर आकडेमोड केली. "अकराही जण बसतात," ते उभे राहून म्हणाले, "वर नऊ पाहुणे!"

"मालेगावची अठ्ठावीस," आबा सावकाश म्हणाले, "अन् आपली बहात्तर?"

"बहात्तर."

"रंग?"

"सोनेरी."

"लय भारी! अन् ती दुसरी? खरी?"

"ती फोटोत नसेल, आबा. सव्वीसची घेऊन टाकू."

"मंग घे की पोरी तुला घ्यायची ती. त्यात इचारायचं काय?"

ठराव एकमताने मंजूर झाला. खरी रायफल वेळेत आली. वैष्णवी तिच्यावर इतकी खूश झाली, की पहिले दोन दिवस ती घरी आईशीही धड बोलली नाही. राज्य स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. अभिनंदनाच्या फलकावर वीस जण सोनेरी प्लायवूड धरून हसत आहेत. (जागेअभावी वैष्णवीचा फोटो घेता आला नाही.)

सुज्ञ वाचकहो, आपण पहिल्यापासून वैष्णवीच्या बाजूने होता, आणि आबांना मनातल्या मनात हसतही होता. पण सव्वीसच इंच का, याचं एकही कारण या कथेत कुठे आलेलं नाही, आणि ते आपल्याला कुठे अडलंही नाही. मंडळ कार्यकारिणीची संख्या आता बारा करत आहे. आपण अर्ज करावा, निवड जवळपास नक्की समजा.