मावशीच्या वावड्याचा हरवलेला खण

या, जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याचं भलं होवो, आणि जमलं तर त्यातल्या साहेबांचंही.

एका इस्पितळाच्या संगणक विभागात घारसाहेब होते. हे नाव त्यांनीच स्वतःला दिलेलं. "माझ्या नजरेतून टाचणी सुटत नाही," असं ते रोज सकाळी सांगत आणि 'ओढा' लिहिलेलं दार ढकलत उभे राहत. त्यांचा सहायक मागून येऊन दार ओढे. बारा वर्षं ओढत होता.

त्या दिवशी मात्र सहायकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या सख्ख्या मावशीच्या कमरेचं अकराला ऑपरेशन होतं, आणि तिला एका औषधाचं जिवावर बेतेल इतकं वावडं होतं. कोणत्या, ते तिला आठवेना. दोन वर्षांपूर्वी याच इस्पितळानं ते नोंदवलं होतं, पण आज संगणकाच्या पडद्यावर ती जागा कोरी. भूलतज्ज्ञ बाईंनी सांगून टाकलं, "नाव कळल्याशिवाय मी सुई उचलणार नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी."

घारसाहेब वॉर्डात आले, पडद्याला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "चोरी."

"साहेब, एक शब्द कोण चोरेल?"

"मग शेजारच्या इस्पितळांचं कारस्थान. नमुना सामायिक आहे ना."

ते खरं होतं. चार इस्पितळं मिळून रोग्याच्या माहितीचा एकच नमुना वापरत. कोणती नोंद कोणत्या खणात, ते तो ठरवी. कुणी बदल सुचवला की चारही ठिकाणच्या तपासनिसांनी तो वाचून शेरा मारायचा, मगच नवी आवृत्ती लागू. इथले तपासनीस घारसाहेबच.

"त्यांना आपला रोगी पळवायचाय," साहेब म्हणाले.

"मावशीला? तिनं दोन जेवणांना नावं ठेवली की परत आणून सोडतील."

तिसरा संशय मावशीवरच. "ऑपरेशनच्या भीतीनं तुम्हीच नोंद पुसलीत?"

"मला ते यंत्र चालवता आलं असतं," मावशी म्हणाली, "तर तुमच्या खुर्चीत नसते का बसले?" मग हळूच भाच्याचं बोट धरून, "राहू दे रे. काढीन दोन महिने."

साडेदहा वाजले. रक्तदाब मोजायला आलेल्या सिस्टरनं पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "भाऊ, जुनी आवृत्ती उघडून पाहिली का?"

कुणीच पाहिली नव्हती. सहायकानं उघडली. औषधाचं नाव जागच्या जागी होतं. गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीत वावड्यांना वेगळं पान दिलं होतं. जुन्या नोंदी तिकडे न्यायच्या राहून गेल्या होत्या. अकराला मावशीची गाडी ऑपरेशनसाठी आत गेली.

"आता गुन्हेगार," साहेब म्हणाले. "हा बदल न वाचता मंजूर कुणी केला?"

सहायकानं बदलाची नोंद वाचली. "आपल्याकडचा शेरा, 'बारकाईने तपासले.' बदल आल्यापासून चार सेकंदांत."

"सही बनावट असणार."

"खाली 'घार' लिहिलंय, साहेब."

साहेब आपल्या खोलीकडे परतले. दारावरची पाटी सबंध वाचली. ओढलं. दार उघडलं, तेव्हा तेही त्यांना रहस्यच वाटलं.

मावशी आता चालते, आणि जेवणाला नावं ठेवते. त्या सिस्टरचं नाव मात्र कुठल्याच आवृत्तीत नाही. देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी तिची आठवण ठेवा.