घुगेताईंची तीन बोटं

घुगेताईंशी हात मिळवायला जाऊ नये. हात मिळतच नाही. आपला पंजा हवेत तसाच राहतो आणि त्यांची तीन बोटं आपल्या मनगटावर बसतात. मग त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट गप्प. आपणही गप्प. शेवटी निकाल लागतो, "ब्याऐंशी. जेवलास का?"

नाडी आणि जेवण, एवढ्या दोन चौकश्या झाल्याशिवाय बाई पुढे बोलतच नसत. हॅम्बर्गच्या यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, तिकीट तपासनिसाने पुढे केलेला हातही त्यांनी असाच धरला होता. "मीठ कमी करा," म्हणाल्या. तिकिटं बघायची राहून गेली आणि पुढच्या स्टेशनावर तो बिचारा बाकावर बसून स्वतःची नाडी मोजत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण पास घरी विसरून शेजारी मीच बसलो होतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या खाली, आम्ही वर. मूळच्या जालन्याच्या डॉक्टर. यजमान जहाजांचे इंजिनिअर, त्यांच्याबरोबर इथे आल्या, पण इथे त्यांच्या डिग्रीवर शिक्का काही बसला नाही. तो बसवण्याच्या खटपटीत केस पिकले, यजमान गेले, आणि ताई एका मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना रबरी हातावर इंजेक्शन द्यायला शिकवत राहिल्या. दुसरी एखादी कडवट झाली असती. घुगेताई हट्टी झाल्या. जर्मनमधला एकच शब्द त्यांना मनापासून आवडायचा, तो म्हणजे "गेनाऊ", अगदी बरोबर. समोरचा काहीही बोलला की आधी "गेनाऊ" म्हणायच्या, लगेच "पण" म्हणायच्या, आणि मग त्याचं म्हणणं मुळापासून उपटायच्या.

कॉलेजचे पाच विद्यार्थी दर उन्हाळ्यात फिलिपिन्समधल्या एका खेड्यात दोन महिने आरोग्य तपासणीला जात. ब्लडप्रेशर, शुगर, बाळांची वजनं. त्यांची तयारी दर शनिवारी ताई करून घेत. स्वतः कधी तिकडे गेल्या नव्हत्या. "खेडं ते खेडं," म्हणायच्या. पण आदल्या वर्षीची तुकडी हात हलवत परत आली होती, कारण पेशंटच फिरकले नाहीत. प्रोफेसरांनी सांगून टाकलं, यंदाही तसंच झालं तर उपक्रम बंद. उपक्रम बंद म्हणजे ताईंचे शनिवार बंद. त्या बोलून दाखवत नसत, पण त्या महिन्यात माझी नाडी मोजताना दोनदा आकडा विसरल्या.

म्हणून त्यांनी रंगीत तालीम काढली. जुलैतला शनिवार, बाल्कन्यांत वर्ल्ड कपचे झेंडे अजून लटकलेले, आणि ताईंच्या दोन खोल्यांत आम्ही चार मराठी कुटुंबं गावकरी. सक्त ताकीद अशी, की जर्मन बोलायचं नाही, आणि काय दुखतं विचारलं तर आधी मेव्हण्याच्या लग्नाची हकिगत सांगायची. आम्ही जीव ओतला. आमची आठ वर्षांची इरा तेवढी फितूर झाली. पोट दुखतं का विचारल्यावर स्वच्छ जर्मनमध्ये "नाइन", नाही, म्हणून खेळायला निघून गेली.

विद्यार्थ्यांचा पुढारी टोबियास, ताडमाड उंच आणि कमालीचा काटेकोर. त्याने प्रत्येकाला टेर्मिनची, म्हणजे ठरलेल्या वेळेची, चिठ्ठी दिली. श्री. साने, म्हणजे मी, दहा वाजून दहा मिनिटं. सौ. साने, दहा वीस. ठरल्याप्रमाणे आम्ही सगळे एकदमच घुसलो. त्यातच ताईंनी पोह्यांच्या बश्या आणल्या.

"नाइन, डांके. आधी काम," टोबियास आभार मानून म्हणाला.

"नापास," ताई म्हणाल्या.

"फ्राऊ घुगे, वेळ ठरवून दिली की गर्दी होत नाही."

"गेनाऊ. पण माणसंही येत नाहीत."

त्याने बशी घेतली नाहीच. पोहे आम्ही गावकऱ्यांनी संपवले. तरी जाण्यापूर्वी ताईंनी पाचही जणांकडून "जेवलात का" एवढं मराठी घोकून घेतलं. फिलिपिन्समध्ये त्याचा काय उपयोग, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी ताईंचा प्रिंटर जुळवत होतो. फोन वाजला. टोबियास होता. ताईंनी स्पीकर लावला.

"शाळेत टेबलं मांडलीत, चिठ्ठ्या वाटल्यात. लोक चिठ्ठी घेतात, छान हसतात आणि येत नाहीत. आतापर्यंत चार जण आले. त्यातले एक आजोबा कोंबडी शोधत आले होते."

"रस्त्यात भेटले तर काय बोलतात?"

"'कुमाइन का ना' म्हणतात. जेवलास का, असा अर्थ आहे, इथल्या नर्सबाईंनी सांगितलं. आम्ही 'हो, थँक यू' म्हणतो आणि पुढे जातो. आमचे डबे असतात. त्यांना त्रास नको."

मला वाटलं, आता पोराची खैर नाही. पण ताईंचा आवाज मऊच होता.

"गेनाऊ. पण बाळा, घरचा घास नाकारणाऱ्याला कोण आपलं दुखणं दाखवेल? उद्या टेबलं बंद. चिठ्ठ्या चुलीत. घरोघर जा आणि बसून जेवा. यंत्र पिशवीत राहू दे. हात धुऊन झाले की मनगट धरा."

"सगळ्या घरी जेवायचं?"

"तरुण आहेस. पचेल."

नंतर आठ दिवस फोन नाही. लाइन चालू आहे ना, हे बघायला ताईंनी मला तीनदा खाली बोलावलं. नवव्या दिवशी फोन आला आणि त्यातून आधी नुसता गलकाच ऐकू आला. टोबियास ओरडून बोलत होता. पहिल्याच घरी एका आजीबाईंनी मासे-भात वाढला. त्यांचं ब्लडप्रेशर एवढं निघालं, की त्याने तीनदा मोजलं. गोळ्या सुरू झाल्या, रोजची डोकेदुखी थांबली, आणि मग यंत्राची पिशवी खांद्याला लावून आजीबाईच पुढे आणि हे पाच जण मागे, अशी गावभर वरात निघाली.

"आता पटांगण भरलंय, फ्राऊ घुगे. वजनकाट्याला रांग आहे. नर्सबाईंनी शेजारच्या गावाहून मदत मागवलीय. आणि माझं वजन चार किलो वाढलंय."

ताईंनी फोन ठेवला आणि साठी उलटलेली ती बाई चक्क नाचली. काय पडलं म्हणून बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर बघायला आला, तर त्याच्या हातावर साखर ठेवली, आणि हात आलाच आहे तर नाडीही बघून घेतली. उपक्रम वाचला. प्रोफेसरांनी नियमावलीत पहिलं कलम घातलं, यजमानांनी दिलेलं जेवण नाकारू नये.

सप्टेंबरात मुलं परतली. ताईंनी मुलांना आणि आम्हा साऱ्या गावकऱ्यांना जेवायला बोलावलं. बेल वाजली. ताईंनी दार उघडून हात पुढे केला, पण यावेळी टोबियास चपळ निघाला. त्याची तीन बोटं ताईंच्या मनगटावर बसली. तो घड्याळाकडे बघत राहिला.

"शहाण्णव," तो म्हणाला. आणि मग सावकाश, एकेक अक्षर जपून, "जेवलात का?"

सकाळपासून त्या आमच्यासाठी रांधत होत्या, पोटात फक्त चहा होता. मनगट न सोडवता त्या माझ्याकडे वळल्या.

"आमचे साहेब गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होतो. रोज जिन्यात त्या विचारायच्या आणि मी "हो, ताई" म्हणून वर निघून जायचो.

टोबियासला आमचं मराठी कळलं नव्हतं. त्याने ताईंना अलगद खुर्चीत बसवलं, टेबलावरची बशी भरून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जर्मनमध्ये म्हणाला, "आधी तुम्ही. बाकी सगळं नंतर."

"गेनाऊ," ताई म्हणाल्या.

आम्ही सगळे पुढच्या "पण"ची वाट बघत उभे राहिलो. ताईंनी घास घेतला.