गंगारामचं यकृत

शुक्रवारी सकाळी भिकाजीच्या घरात सगळ्यांना कामं होती. त्याच्या मुलाला, एकट्या गंगारामला, नव्हती, कारण लग्न त्याचंच होतं. मुंबईच्या बिस्किटाच्या कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा काढून तो आला होता, आणि आल्या दिवसापासून त्याला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. मांडवाचे वासे उचलायला गेला तर "तू नवरा नव्हं!" म्हणून चुलते ओरडत. भाट्याला समुद्रावर जाऊन येतो म्हणाला तर आई आडवी येई. लग्नाआधी नवऱ्याने गावाची शीव ओलांडायची नाही, असा त्या घरचा रिवाज होता. त्यामुळे गंगाराम मागल्या पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला उघड्या अंगाने पडून घामाने भिजत होता.

तिथेच त्याची धाकटी बहीण राही वही उघडून बसली होती. राही रत्नागिरीला नर्सिंगचं शिकत होती. चौऱ्याऐंशी सालात त्या वाडीतून शिकायला बाहेर पडलेली ती एकटी मुलगी, आणि शरीरशास्त्रात नापास झालेलीही एकटीच. लेखी तिचं नेहमी चांगलं जाई. तोंडी परीक्षेला मात्र डॉक्टर वॉर्डबॉयला समोर उभा करायचे आणि म्हणायचे, "हं, याचं यकृत दाखव." मग राहीचा हात त्या वॉर्डबॉयच्या पोटावर रानात वाट चुकल्यासारखा फिरायचा. आता सोमवारी, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, फेरपरीक्षा होती. भिकाजीने तिला आधीच सुनावलं होतं, "एक डाव नापास झालीस, मी काय बोललो नाय. परत झालीस तर पुढल्या मे महिन्यात याच मांडवात तुझी हळद."

"दादा, जरा उभा रे," राही म्हणाली.

"कशाला गो?"

"तुझ्या अंगावर नावं लिवते. एकदा लिवलं की डोक्यात बसंल. कागदावर सगळा येतो, मानूस समोर इला की जातो."

आल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी आपला उपयोग होतो आहे हे पाहून गंगारामला भरून आलं. तो उभा राहिला. पण खडू घामावर टिकेना, आणि पेन कातडीवर उठेना. गंगारामनेच मग कोपऱ्यातली करवंटी दाखवली. पेट्यांवर मार्का मारायची काळी शाई होती ती, वर काथ्याचा कुंचला.

"ती निघंल ना?"

"निघंल नाय तर काय? ल्हानपनी शिमग्याला तोंडाला फासून आमी रोंबाट खेळायचो. पान्याचा हात फिरवला का गेली."

गंगारामचं लहानपण पंधरा वर्षांपूर्वीचं होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गेल्या वर्षी भिकाजीच्या पेट्या वाटेत भिजल्या, मार्का धुऊन गेला आणि त्याचे आंबे भलत्याच्याच नावावर बाजारात गेले. तेव्हापासून भिकाजी शाईत काय काय कालवून ती घोटत असे. पेटी जळाली तरी मार्का राहील, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. पण गंगाराम तेव्हा मुंबईत होता आणि राही होस्टेलवर.

राहीने वही बघून बघून बारा नावं लिहिली. आधी पाठीवर: स्कंधास्थी, पाठीचा कणा, बरगडी, डावं मूत्रपिंड, उजवं मूत्रपिंड. मग पुढे: जत्रुक, उरोस्थी, फुप्फुस, हृदय, यकृत, जठर, प्लीहा. वहीत यकृत उजवीकडे म्हटलं होतं, म्हणून तिने समोर उभी राहून आपल्या उजव्या हाताच्या बाजूला यकृत लिहिलं. हृदय डावीकडे म्हटलं होतं, म्हणून आपल्या डाव्या हाताला हृदय लिहून त्याभोवती छान गोल काढला. दुपारपर्यंत तिला सगळं तोंडपाठ झालं. गंगारामलाही अर्धंअधिक झालं.

संध्याकाळी तो विहिरीवर गेला आणि पाण्याचा हात फिरवला. मग साबणाचा फिरवला. मग राखेचा. मग नारळाच्या काथ्याने राहीने त्याला घासलं. मग आई, सखू, आली आणि तिने कपाळावर हात मारून रातांब्याच्या साली चोळल्या. त्याने अंग लालभडक झालं आणि त्या लालीवर काळी अक्षरं आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागली.

"घासलेट लावूया," राही रडकुंडीला येऊन म्हणाली.

घासलेटाने अक्षराची एक वेलांटीदेखील हलली नाही. गंगारामला मात्र त्या रात्री कुणी दिव्याजवळ बसू दिलं नाही.

"तुझ्या बापाला कळता नये," सखूने दोघांना बजावलं. "हळदीनं झाकंल. दाट लावू. आनी तू बाय, तोंड उघडू नको. अभ्यासापायी झाला म्हनून कळला ना, तर वही चुलीत जाईल तुझी."

शनिवारी दुपारी नवरीकडचं वऱ्हाड आलं. त्यांच्यात लग्न नवऱ्याच्या दारात लागे, म्हणून वऱ्हाड आदल्या दिवशी येऊन शेजारच्या घरी उतरायचं. नवऱ्याची हळद आटोपली की नवरीचा मामा येऊन उष्टी हळद घेऊन जायचा आणि मग नवरीला ती लागायची. नवरी होती सगुणा, आणि तिचा मामा होता काशीराम. काशीराम एस.टी.त कंडक्टर होता. दिसेल ते मोठ्याने वाचायची आणि चाळीस माणसांना एकदम ऐकू जाईल असं बोलायची त्याला सवय होती.

गंगाराम पाटावर बसला तो बनियन घालून.

"ता काढ आधी," एक सवाष्ण म्हणाली.

"थंडी वाजते."

मे महिन्यातली दुपार होती. मांडवातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी मिळून बनियन वर ओढलं. सखूने झटकन हळदीचा हात मारला, राहीने दुसऱ्या बाजूने मारला. पण हळद तेलात कालवलेली होती. तेलाने अक्षरं न्हाऊन निघाली आणि चकाकू लागली. नेमका त्याच वेळी उष्टी हळद न्यायला काशीराम मांडवात शिरला.

"जत्रुक," त्याने वाचलं. "उरोस्थी. यकृत. प्लीहा."

प्लीहा ऐकून नवरीकडच्या एका म्हातारीने हात जोडले.

"मंतर हाय," ती पुटपुटली. "कुनीतरी करनी केलीय पोरावर."

"करनी नाय," गंगाराम घाईघाईने म्हणाला.

"मंग काय ता?"

राहीचं तोंड उघडलं तसा सखूने तिला चिमटा काढला. गंगारामने बहिणीकडे पाहिलं, आंबे मोजत मांडवाच्या टोकाला बसलेल्या बापाकडे पाहिलं, आणि सुचेल ते बोलून मोकळा झाला. "मुंबईत डॉक्टरनी खुना केल्यात."

हे त्याने बोलायला नको होतं. काशीरामने हळदीचं ताट खाली ठेवलं.

"डॉक्टर खुना कवा करतो? कापायच्या आधी! कसला आपरेशन हाय तुजा?"

"कसला नाय!"

"मंग ह्या काळजाभवती गोल कसला?" काशीराम जवळ आला. त्याने वाकून नीट पाहिलं, मग आपल्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग परत गंगारामकडे पाहिलं. यकृत कुठल्या बाजूला असतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, पण काळीज कुठे असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता त्याचा आवाज मांडवाबाहेर गेला. "अरे! ह्याचा काळीज उजव्या अंगाला हाय!"

त्यानंतर कुणाचं कुणाला ऐकू येईना. भिकाजी आंबे टाकून धावत आला. "माझ्या पोराचा काळीज जाग्यावर हाय!" तो ओरडत होता, पण ते लिहिलेलं दिसत होतं आणि त्याचं म्हणणं नुसतं तोंडी होतं. काशीरामने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "डॉक्टर इल्याशिवाय हळद हलायची नाय. काळीज कुठं हाय ता डॉक्टर सांगंल. मी जातो रत्नागिरीला आनी घेऊन येतो." आणि वऱ्हाडाची रिक्षा घेऊन तो गेलासुद्धा.

राही मागल्या पडवीत पेट्यांच्या आड जाऊन बसली. लग्न मोडलं तर कारण आज ना उद्या बाहेर येणार होतं, आणि मग सोमवारची परीक्षा कसली न् काय! दादाचा संसार आणि आपलं शिक्षण, दोन्ही एकाच करवंटीत बुडवलं, असं वाटून ती हमसून हमसून रडली. गंगाराम पाटावरच होता. हळद लागल्यावर नवऱ्याने एकट्याने उठायचं नसतं, म्हणून त्याला धड पळताही येत नव्हतं.

ऊन कलताना रिक्षा आली. आतून काशीराम उतरला आणि त्याच्या मागून स्टेथोस्कोप सावरत डॉक्टर मजीद मुकादम उतरले. पडवीतून डोकावणारी राही पटकन पेट्यांआड झाली. मागच्या खेपेला वॉर्डबॉयसमोर तिला नापास करणारे डॉक्टर हेच, आणि परवाच्या फेरपरीक्षेलाही हेच होते.

डॉक्टरांनी गंगारामला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. त्यांनी स्टेथोस्कोप आधी गोलावर ठेवला, मग डाव्या बाजूला ठेवला.

"हृदय डावीकडेच आहे," ते म्हणाले. "चांगलं ठणठणीत आहे. जरा जोरात धावतंय, पण आजच्या दिवशी कुणाचंही धावेल."

"शपथेवर सांगा," काशीराम म्हणाला.

"तुम्हीच ऐका की." डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला. काशीराम डोळे मिटून ऐकत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर बस वेळेवर पोचल्याचं समाधान पसरलं.

"हाय!" तो गरजला. "जाग्यावर हाय! उचला रे हळद!"

सखू मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. वाजंत्री वाजू लागली. उष्टी हळद शेजारच्या घराकडे निघाली. भिकाजीने डॉक्टरांसाठी आंब्याची पेटी आणायला सांगितली. पण डॉक्टर गंगारामभोवती फिरत पाठ वाचत होते.

"हे लिहिलं कुणी?"

"मीच," गंगाराम म्हणाला.

"पाठीवरचंसुद्धा?"

गंगारामने मान वळवून आपली पाठ दिसते का ते पाहिलं. तेवढ्यात राही पेट्यांआडून बाहेर आली आणि मान खाली घालून उभी राहिली. "मी लिवलं, सर. दादाची काय चूक नाय. अभ्यास करत होते."

भिकाजीचं तोंड उघडं पडलं. त्यातून काही बाहेर पडायच्या आत डॉक्टर म्हणाले, "राही भिकाजी! फेरपरीक्षेवाली! इकडे ये. पाठ तू सगळी बरोबर लिहिलीस. उजवं मूत्रपिंड थोडं खाली असतं, हेसुद्धा सोडलं नाहीस. मग पुढे आल्यावर काय झालं? हृदय, यकृत, जठर, प्लीहा, चारही उलटी?"

राहीने पाहिलं. मग ती गंगारामच्या मागे जाऊन उभी राहिली, परत पुढे आली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "सर... मागनं माजा उजवा आनी दादाचा उजवा एकच. फुडनं मी माज्या उजव्या हाताला लिवलं."

"समोर माणूस उभा असला की बाजू त्याची धरायची, आपली नाही. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं तुझं." डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून गंगारामच्या पोटावर टेकवलं. ते उठलं नाही. "ती शाई आण बघू."

"डॉक्टर, परत शाई?" गंगाराम कळवळला.

"नवरदेव, हलू नका." डॉक्टरांनी कुंचला घेऊन चारही नावांवर काट मारली, ती पलीकडच्या बाजूला नीट लिहिली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने डाव्या खांद्यावर ८/१२ असे गुण देऊन खाली सहीसुद्धा केली.

"डॉक्टर," भिकाजी हळूच म्हणाला, "ती निघत नाय."

डॉक्टरांनी कुंचल्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना. ते हसले तसा काशीराम हसला, गंगाराम हसला आणि शेवटी भिकाजीही हसला. त्याची शाई खरोखर कशानेच निघत नाही, हे एका डॉक्टरसमोर सिद्ध झालं होतं. वही चुलीत घालायचं तो त्या गडबडीत विसरूनच गेला.

रविवारी लग्न लागलं. सहीवर कोट होता. सोमवारी पहिल्या गाडीने राही रत्नागिरीला गेली, हाताला हळद तशीच.

तिचा नंबर आला तेव्हा वॉर्डबॉय उभा नव्हता. डॉक्टर मुकादम स्वतः खुर्चीवरून उठले आणि टेबलापुढे येऊन उभे राहिले. शेजारी मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या.

"माझं यकृत दाखव," डॉक्टर म्हणाले.

राहीचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. मग ती शांतपणे डॉक्टरांना वळसा घालून त्यांच्या पाठीमागे गेली, त्यांचं तोंड जिकडे होतं तिकडे तोंड करून उभी राहिली, आणि मागून हात पुढे घालून त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली बोट टेकवलं.

"इथं, सर."

"बरोबर," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण पाठीमागे कशाला गेलीस?"

"बाई," राही म्हणाली, "समोरून दाखवलं तेव्हा आमच्या घरचं लग्न मोडत होतं."

डॉक्टरांनी तिच्या नावापुढे गुण लिहिले. या खेपेला पेनाने, आणि कागदावर.